गुलाब गळल्यावर उरलेलं पान

३ नोव्हेंबर, सोमवार
बया! जादूच की ही!
महिन्यापूर्वी कल्याणीनं – सून कसली, माझी साथीदारच – त्या साइटवर माझं नाव घातलं. साठीनंतर जोडीदार शोधायची साइट. श्रीधरला पत्ता नाही. मी जरा लाल साडी नेसले तरी लेक विचारतो, "आई, कुठं लग्नाला निघालीस?"
साइट कसली, जत्रा! गुलाब उडतायत, गुडघ्याच्या तेलाची जाहिरात, कवळ्या दाखवत हसणारे म्हातारे. त्यात माणूस शोधायचा कुठं? मी कुरकुरले तशी कल्याणी म्हणाली, "आई, प्रिंट दाबा. छापायचं नाही हं, नुसतं बघायचं. आता 'साधं पान' दाबा."
दाबलं. सगळं गळालं! गुलाब, तेल, फोटोसुद्धा. पांढरं पान, काळी ठळक अक्षरं – आमच्या धायरीच्या शाळेतल्या पुस्तकासारखी. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. खरंच!

४ नोव्हेंबर
सूटबूटवाल्या नागोरावांना साधं केलं. उरलं काय? गाडी, फ्लॅट. संपले नागोराव!
मग मांजरी गावचे तात्याराव. त्या झगमगाटात दिसलेच नव्हते. साध्या पानावर तीन ओळी – "उसाच्या संशोधनात नोकरी झाली. चहा मीच करतो. एकट्यानं जेवायचा कंटाळा आलाय."
तिसरी ओळ चारदा वाचली.

५ नोव्हेंबर
तात्याराव विचारतायत, रविवारी भेटू या का. शनिवारपर्यंत कळवायचंय.

६ नोव्हेंबर
कल्याणी म्हणते, "आधी ह्यांना सांगा." जीभच उचलत नाही. पोरगा रोज वडलांच्या फोटोला हार घालतो. त्याला काय सांगू?
माझंही पान साधं करून बघितलं. वय चौसष्ट. विधवा. सातवी पास. शाकाहारी. अपेक्षा – कोरं. हे तर रेशनकार्ड! ह्यात मी कुठंय?

७ नोव्हेंबर
घात झाला! माझंच पान पुन्हा बघत होते, बोट भलत्या बटणावर पडलं. प्रिंटर श्रीधरच्या खोलीत – घर्रर्र! आणि तो आतच, मीटिंगला बसलेला.
पळाले स्वयंपाकघरात. निवडलेली कोथिंबीर परत निवडली.
जेवण आटोपून तो लगेच खोलीत गेला. मी रोजच्यासारखं चिडवलंही नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी माझ्या कपाखाली घडी घातलेलं पान. अपेक्षेपुढं श्रीधरनं पेनानं लिहिलंय – "आई दिवसभर चिडवते. ते ऐकल्याशिवाय ज्याला करमणार नाही, असाच हवा."
अक्षर अजून कोंबडीचे पाय मेल्याचं!
तात्यारावांना कळवलं – येते.