वारेमास्तरांची उत्तर दिशा

ती. भावोजींस,

सा. न. (या खेपेला नमस्कार अगदी वाकून केला आहे असं समजा. ताठ उभं राहावं असं माझ्या हातून काही घडलेलं नाही.) तुमचा गुडघा जिना चढताना आता कुरकुरत नसेल आणि ताई तुम्हाला साखर मोजूनच देत असेल, अशी आशा करतो. इकडे सगळे ठणठणीत आहेत. मलाही आजार असा काही नाही, फक्त घराबाहेर पडायला तोंड नाही.

मी निवृत्त झालो तेव्हा तुम्ही हवामान मोजायचं यंत्र भेट दिलंत. (दोष तुमचा नाही. मी दोन दिवस तुमच्यावर ढकलून बघितला, पण बसला नाही.) गच्चीवर काठी उभारून ते मी स्वतः बसवलं. काठी शेजारच्या सुताराने रंधा मारून, पॉलिश करून दिली आणि पैसे विचारले तर रागावला. माझ्या मुलीचा पाळणाही त्याचाच, हे तुम्हाला आठवत असेल. यंत्राची पुस्तिका मी दुसऱ्या पानापासून वाचली, कारण पहिल्या पानावर नुसते आभार मानलेले असतात असा माझा अनुभव. मग स्वयंपाकघरात लावलेल्या त्याच्या छोट्या पडद्यावर वाऱ्याचा बाण फिरू लागला आणि माझं डोकंही. कपडे कधी वाळत घालावेत, खिडकी कुठली उघडावी, हे मी न विचारता जिन्यात सांगत सुटलो. लोक मला वारेमास्तर म्हणू लागले आणि मी मूर्ख, खूश झालो.

अशात वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर धूळ बसू लागली. इमारतीची बैठक भरली. मी आठवडाभराचा आलेख मोठ्या कागदावर काढून नेला (तीन रंगांत!) आणि छडीने दाखवून सिद्ध केलं, की वारा रोज उत्तरेकडून येतो, उत्तरेला सुताराची शेड आहे, सबब धूळ त्याच्या करवतीची. धूळ पांढरीशुभ्र होती, भावोजी. लाकडाचा भुसा पांढराशुभ्र नसतो. पण कपड्यांकडे बघतो कोण, सगळे आलेख बघत होते. सुतार मागे उभा होता. एवढंच म्हणाला, "मास्तरांचं यंत्र सांगतंय तर असेल." दुसऱ्या दिवशी त्याने करवतीचं मशीन गावाच्या पार दुसऱ्या टोकाला भाड्याच्या जागेत हलवलं. (धूळ थांबली नाही, तर शेडमध्ये साचलेली जुनी उडते आहे, असं मी जिन्यात सांगितलं.) दोन महिने झाले, गुडघे तुमच्याहून वाईट असलेला तो माणूस हातगाडीवर फळ्या लादून रोज तिकडे जातो. संध्याकाळी कुंपणापाशी आमच्या गप्पा व्हायच्या, त्या बंद झाल्या. तो दमतो, असं मी स्वतःला सांगत होतो.

गेल्या मंगळवारी आमचा टॉवेल उडाला. बायको म्हणाली, "वारा उत्तरेचा म्हणता, मग टॉवेल उत्तरेला सुताराच्या अंगणात कसा पडला?" मी तिला टॉवेलची चूक समजावून सांगायला लागलो, आणि वाक्य अर्ध्यावरच सोडून गच्चीकडे निघालो. वर जाऊन पाहिलं. यंत्रावर उत्तरेची खूण आहे, ती उत्तरेकडे करायची असते (पान पहिलं). शिडी दक्षिणेच्या बाजूलाच टेकत होती, म्हणून खूण मला नीट दिसावी अशी मी ती माझ्याकडे वळवून स्क्रू आवळले होते. दक्षिणेला फरशा कापण्याचा कारखाना आहे. धूळ तिथली. तेहतीस वर्षं मी भूगोल शिकवला, भावोजी. मला माझीच लाज वाटते, आणि ही लाज झोपून उठलं तरी उतरत नाही.

ताईला यातलं निम्मंच सांगा.

आपला (अजून म्हणत असाल तर) मेहुणा

ता. क. : खरं काम असं की तुम्ही येऊन सुताराला हे सगळं सांगावं. तुमचा आवाज भारदस्त आहे. मी आतल्या खोलीत थांबेन.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवायच्या आत सुतार फाटकापाशीच भेटला आणि माझ्या तोंडून सगळं भडाभडा बाहेर पडलं. तो म्हणाला, "ओल्या पॉलिशवर धूळ बसते. वारा बघितल्याशिवाय मी डबा उघडत नाही, मास्तर. मला तेव्हाच ठाऊक होतं." मग बोलला का नाहीस, विचारलं. म्हणाला, "निम्मी बैठक तुमच्या वर्गात शिकलेली. त्यांच्यासमोर तुम्हाला दिशा कुठे दाखवत बसू?" झालं गेलं सोडून द्या, असंही म्हणाला.

मी सोडलेलं नाही. रविवारी बैठक बोलावली आहे, जिन्यातली सूचना मीच लावली. तेव्हा वरचं काम रद्द. तुम्ही या मात्र नक्की. बोलायचं काही नाही. दाराजवळच्या खुर्चीवर बसा, आणि मी मध्येच उठून पळू लागलो तर दार उघडू नका.