स्टार दाबला होतात ना?

प्रिय बाबा,

पत्र बघून दचकू नका, मी ठणठणीत आहे. नोकरीही टिकलीय, विश्वास ठेवा अगर नका ठेवू! ऑफिसांमध्ये इंटरनेटवर चालणारे फोन बसवायचे, बिघडले की दुरुस्त करायचे. मी कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, पायाला भिंगरी लागलेल्यांना कुणी पगार देत नाही. मला कामाला ठेवणारे आमचे उस्ताद नेमकी भिंगरीच शोधत होते. दिवसभर या इमारतीतून त्या इमारतीत पळायचं असतं.

परवा एका दातांच्या दवाखान्यात पाठवलं. दवाखाना वरच्या मजल्यावर, खाली कुलूपबंद दार. खाली बेल दाबली की वर फोन वाजतो, वरून फोनवरचा स्टार दाबला की दार उघडतं. अगदी आपल्या इमारतीसारखंच. पण नवा फोन आल्यापासून दार उघडेना. खाली गाल सुजलेली माणसं ताटकळलेली, आणि वर काउंटरवरच्या बाई बटण बडवत ओरडतायत, "दाबतेय हो, दाबतेय! आता काय नाचू?" त्यांच्या टेबलावर काचेच्या पेटीत एक कासव होतं, खरंखुरं, आणि ते... जाऊ दे, भेटल्यावर सांगेन.

बिघाड सेटिंगमध्ये निघाला. बोलणं चालू असताना स्टार दाबला की या फोनला वाटतं, कॉल दुसऱ्या कुणाकडे वळवायचाय. मग तो स्टार स्वतःच गिळतो आणि पुढच्या आकड्याची वाट बघत बसतो. दारापर्यंत काही पोचतच नाही. वरच्याला वाटतं, उघडलं. खालच्याला वाटतं, उघडायचंच नाहीये. मी ती सोय बंद केली, बाईंनी स्टार दाबला, खाली खट् झालं. सगळे खूश, आणि मी मात्र जिन्यात मटकन खाली बसले.

कारण बाबा, गेल्या महिन्यात मी आले होते. खालून बेल दाबली, म्हटलं, मी आहे. तुम्ही नुसतं "हं" म्हणालात. तुमच्या "हं"चा अर्थ आई होती तोवर ती सांगायची. मी थांबले. दार उघडलं नाही. पुन्हा बेल दाबायचा धीर झाला नाही, आले तशी निघून गेले. वाटलं, संपलं सगळं. पण तेव्हा फोनवर ती जुनी खरखर नव्हती, तुमचा श्वाससुद्धा स्वच्छ ऐकू येत होता. नवा फोन घेतलात ना? आणि स्टार दाबला होतात ना? मग माझी पावलं जिन्यात वाजतील म्हणून किती वेळ दाराशी उभे होतात, त्या दुखऱ्या गुडघ्यानिशी? रविवारी येतेय. फोन मी नीट करीन, तोवर गॅलरीतून किल्ली टाका. आणि या वेळी "हं"वर भागवू नका. "ये" म्हणा. ते बटणाशिवायही खालपर्यंत पोचतं.

तुमचीच,
भिंगरी