रिंकूशी फक्त इंग्रजीत

१९ ऑगस्ट, दुपार
आजपासून रोजनिशी. कारण आमचे पटले सर. गोंदियाच्या कॉलेजात आम्हा बी.ए. फायनलवाल्यांना इंग्रजी शिकवतात. वर्गात म्हणाले, प्रत्येकाने एक लर्निंग गोल ठरवा, सेमिस्टरभर पाळा, शेवटी तोंडी परीक्षेत त्यावरच बोलायला लावीन. पोट्ट्यांनी सांगितलं, रोज पाच शब्द पाठ करीन. रोज पेपर वाचीन. हॅ! असं कोणी इंग्रजी शिकते का?
मी उभा राहून सांगितलं, सर, मी रिंकूशी फक्त इंग्रजीत बोलीन.
कोण रिंकू, म्हणे. म्हटलं, आमच्या सौंदडचीच आहे सर, बी.एस्सी.ला, रोज एकाच गाडीने येतो. सर म्हणाले, बढिया, पण जमेल का ओमेश? अजून ओळखत नाहीत ते मला.

१९ ऑगस्ट, संध्याकाळ
खरी गोष्ट इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचते? रिंकू मले आवडते. अकरावीपासून. आणि हे तिला मंडईच्या आधी सांगायचं आहे. दिवाळीनंतर गावोगाव मंडया भरतात, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, घरोघरी पाहुणे येतात, आणि आमच्याकडचे पाहुणे नुसते शिंगाडे खाऊन जात नाहीत, पोरीही पाहून जातात.
मराठीत सांगण्यात दम नाही. ते कोणीही सांगते. इंग्रजीत सांगितलं की पोरगी इम्प्रेस आणि पेपरही पास.

२० ऑगस्ट
शपथ सुरू. रिंकूला गाडीत गोल समजावून सांगितलं, शेवटचं मराठी म्हणून. हसली. म्हणाली, मी आपली मराठीतच बोलीन, चालन ना? म्हटलं, यस. दणक्यात सुरुवात!
पुढचं वाक्य जुळलं तेव्हा हिरडामाळी स्टेशन आलं होतं. वेदर इज क्लाउडी. तिने बाहेर पाहिलं. ऊन होतं.

५ सप्टेंबर
प्रगती उत्तम. आता आम्ही फारसं बोलत नाही, त्यामुळे चुका जवळजवळ बंद. आमच्या गावचा दुर्गेश रोज गाडीत आमच्यासोबत बसायचा. काल म्हणे, का बे, भांडले का तुम्ही? त्याला काय सांगू. भाषा शिकताना सुरुवातीला सायलेंट पिरियड असते, व्हिडिओत पाहिलं मी. आज तो दुसऱ्या डब्यात बसला. म्हणे, तुमच्याजवळ मयतीत बसल्यासारखं वाटते. बसू दे.

२३ सप्टेंबर
रिंकूचे बाबा, चुन्नीलालकाका, बांधावरून घसरले. पाय मोडला. सौंदडपासून गोंदियापर्यंत रिंकू तेच सांगत होती, मधेमधे डोळे पुसत होती. मले लय वाईट वाटलं. दवाखान्यात जेवणाचा डबा मी पोचवतो, धानावर फवारणी मी मारतो, तू रडू नको, असं सगळं तोंडाशी आलं होतं. पण फवारणीला शब्द सापडेना.
शेवटी म्हटलं, थँक यू फॉर द इन्फॉर्मेशन.
किती तरी वेळ माझ्याकडे पाहत राहिली. उच्चार स्वच्छ होता, त्यामुळे असावं.

२५ सप्टेंबर
दवाखान्यात गेलो. काकांशी पोटभर गप्पा. धान, तुडतुडे, प्लास्टर. काका एकदम खूश, दुखणं विसरले. तेवढ्यात रिंकू चहा घेऊन आली. मी एकदम चूप. गोल म्हणजे गोल.
तिची आई, शकुंतलाकाकू, निघताना म्हणाल्या, बापाशी एवढा बोलते, मग आमच्या पोरीवर काऊन रुसला हा पोट्टा? नुसता हसलो. जावयाशी असंच बोलतात. लक्षण चांगलं आहे.

१२ ऑक्टोबर
भाषण लिहायला घेतलं. मला इंग्रजीत एकच गोष्ट पक्की येते, सुट्टीचा अर्ज. दहावीत तो झोपेतही म्हणायचो. मग त्याच चालीवर लिहिलं. रिस्पेक्टेड रिंकू, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू से. पुढे तापाच्या जागी प्रेम टाकलं, की झालं. ‘काइंडली ग्रँट मी’ इथपर्यंत फर्स्टक्लास. काय ग्रँट करायचं, तिथे अडलं आहे.

३० ऑक्टोबर
दिवाळी झाली. भाषण पाठ करायचं होतं, पण बाबांनी कापणीला नेलं. बांधावर पुटपुटत होतो तर म्हणाले, कोणाची पूजा करून राहिला? म्हटलं, इंग्रजी. म्हणे, इंग्रजीनं धान कापते का? या वातावरणात काय शिकणार माणूस. वेळ आहे अजून.

१३ नोव्हेंबर
उद्या आमची मंडई.
आज रिंकू स्टेशनवर आधीच येऊन उभी होती. म्हणाली, ओमेश, उद्या तिरोड्याचे पाहुणे येऊन राहिले. तुले काही सांगाचं आहे का? मराठीत सांग, हिंदीत सांग, कशातही सांग. मी थांबून राहिली.
बापा! छाती अशी धडधडली की गाडीचा भोंगा ऐकू आला नाही. भाषण आठवेना. रिस्पेक्टेडच्या पुढे सगळं साफ. मराठी मात्र जिभेवर येऊन बसलं होतं, एवढंसं तोंड उघडलं असतं तर सगळं सांडलं असतं. नाही उघडलं. दात आवळले आणि म्हटलं, प्लीज वेट. प्रिपरेशन इज गोइंग ऑन.
ती मान हलवून म्हणाली, हव. आणि लेडीज डब्यात गेली.
दुसरा कोणी असता तर घसरलाच असता. मी नाही घसरलो.

१४ नोव्हेंबर
मंडई. गर्दी बेकार. पाहुण्यांचा मुलगा पाहिला, हिमांशू नाव. अगदी साधा. इंग्रजीचा पत्ता नाही. आकाशपाळण्याजवळ तिला म्हणाला, शिंगाडे खाता का जी? बस, एवढंच. असल्या बोलण्यावर कोण पोरगी भाळते?
रिंकू हसली. खाल्ले तिने.
घाबरायचं कारण नाही.

१६ नोव्हेंबर
जमलं त्यांचं. साक्षगंध, अंगठ्या, सगळं पुढच्या महिन्यात. काकूंनी पेढा दिला. म्हणाल्या, आम्ही तुझ्याच घराकडं डोळे लावून होतो रे, पण तू त पोरीशी बोलतच नाही.
पेढा तसाच खिशात ठेवला.

२ डिसेंबर
गाडीत रिंकू समोरच होती. काँग्रॅच्युलेशन्स म्हटलं. एका दमात, न अडखळता. तीही म्हणाली, थँक यू. गोल तसं पाहिलं तर पूर्ण झालं. रात्रीचे दोन वाजले, झोप नाही.

९ डिसेंबर
तोंडी परीक्षा. पटले सर म्हणाले, ओमेश, टेल मी अबाउट युवर गोल.
उभा राहिलो. तोंड उघडलं आणि निघालं ते सारं आपल्या झाडीबोलीत. अकरावीत माझ्या सायकलची चेन पडली तवा तिनं ओढणीनं माझे काळे हात पुसले. काकाचा पाय मोडला तवा तिच्या गळ्यात पडून रडावं वाटलं. तुमचं सारं धान मीच कापून देतो, पण जाऊ नको वो तिरोड्याले. एकदाही अडखळलो नाही. सरांनी पेन खाली ठेवला. दारातले पोट्टेही हसले नाहीत.
सर हळूच म्हणाले, छान बोललास रे, पण पेपर इंग्रजीचा आहे. शून्य द्यावा लागेल.
मग विचारलं, हे सगळं तिला सांगितलं होतं का?
म्हटलं, कसं सांगू सर? तिच्याशी मी फक्त इंग्रजीत बोलतो.