पाटावरचं पिस्तूल

बाबा, तुमचं पिस्तूल अजून माझ्याकडेच आहे. देवघराच्या खालच्या कप्प्यात, तुमच्या जुन्या पंच्यात गुंडाळलेलं, स्टेथोस्कोपच्या शेजारी. तुम्ही गेलात तेव्हा माझी लेक शाळेतही जात नव्हती. आता तिची मुलगी तीन वर्षांची आहे. घरात मराठी वाचणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून हे निर्धास्त लिहितेय.

परवा अटलांटाला कॅपिटॉलमध्ये, स्टेटच्या विधानसभेच्या कमिटीपुढे, बोलून आले. आपल्या स्टेटमध्ये नवीन कायदा आणायचं चाललंय. ज्या घरात लहान मूल येतं-जातं तिथे बंदूक कुलपात हवी, गोळ्या वेगळ्या हव्यात. आमच्या मराठी मंडळातले काही जण त्याच्या विरोधात आहेत. ‘तुम्ही बोला ताई, डॉक्टरांच्या मुलीचं ऐकतील,’ म्हणाले, आणि मी हो म्हटलं. त्या दुपारच्या प्रसंगामुळे म्हटलं. इथल्या खेड्यातल्या तुमच्या क्लिनिकमध्ये आई काउंटरवर बसलीय, मी मागे होमवर्क करतेय. एक माणूस येतो, दुखण्याच्या गोळ्या मागतो, तुम्ही नाही म्हणता आणि तो आईच्या मानेला सुरी लावतो. तुम्ही ड्रॉवर उघडून पिस्तूल टेबलावर ठेवता. रोखतसुद्धा नाही. ‘सुरी ठेव आणि बस, पाणी देतो,’ एवढंच म्हणता. आणि तो बसतो की हो! त्याला पाणी आईनेच दिलं होतं.

ड्रॉवरला कुलूप असतं तर तुम्ही किल्ली कुठे शोधत बसला असतात? हेच मी कमिटीला विचारलं. मागच्या बाकांवरून टाळ्या आल्या. मला काही वाटलं नाही. डेंटिस्टने इंजेक्शन दिल्यावर गाल बधिर होतो ना, तशी मी आतून झालेय. पार्किंगमध्ये पोचले तर लेकीचा मेसेज होता. तिने सगळं घरून ऑनलाइन पाहिलं होतं. ‘ओके’, एवढंच लिहिलं होतं. खंडेनवमीपासून ती माझ्या घरी आलेली नाही.

खंडेनवमीची तुमची पद्धत मी अजून तशीच चालवते. पाटावर तुमचा स्टेथोस्कोप, आईची विळी, माझा लॅपटॉप आणि पिस्तूल. सगळ्यांना हळदकुंकू, वर झेंडू. आणि पूजेतली वस्तू दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायची नाही. लहानपणी एकदा मी पाटावरची माझी कंपासपेटी घ्यायला गेले तर केवढे खेकसला होतात! ‘आज त्यांना सुट्टी आहे, हात लावायचा नाही!’ म्हणून मीही यंदा काही उचललं नाही. मी पुऱ्या तळत होते, लेक कणीक मळत होती. नात दारात येऊन उभी राहिली. ‘आजी, लुक, रेड!’ उजव्या हाताचं पहिलं बोट लालभडक.

लेक बाहेर जाऊन पाहून आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ‘अगं, पूजेतलं आहे ते,’ मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही. ‘मॉम, कुंकू लावलं तरी ती गनच असते.’ कणकेच्या हातांनीच तिने पोरीला उचललं, बूटसुद्धा घातले नाहीत. ते पिस्तूल घरात आहे तोवर पोर इथे येणार नाही, असं दारातून सांगून गेली. मी गॅस बंद केला. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही.

मग पाटापाशी जाऊन बसले. कुंकू मी फक्त मुठीवर लावलं होतं. ते चापावरही होतं, बारीकसं, छोट्या बोटाचं. मी पदराने पुसलं, पिस्तूल उचलून पंच्यात गुंडाळलं आणि तुमचा नेम मोडला. कमिटीपुढे मी यातलं काही बोलले नाही. लेकीलाही चापाचं सांगितलेलं नाही.

आता मंडळातले सगळे एकमेकांना विचारतात, कायदा होणार का? मला तुम्हाला वेगळंच विचारायचंय. त्यात गोळ्या आहेत का हो, बाबा? तुम्ही ठेवलंत तसंच ते आहे. उघडायचं कसं ते तुम्ही शिकवलं नाहीत आणि मीही कुणाला विचारलं नाही. आता कळून घ्यायची हिंमत नाही.

हे पत्र त्या पंच्यातच ठेवावं असं मनात होतं. पण त्यासाठी तो सोडावा लागेल. म्हणून इथेच टेबलावर ठेवतेय.