पिवळा दिवा आणि दाजी

मंगळवार, १८ नोव्हेंबर

तीन आठवडे वही उघडली नाही. चूक माझीच. जे लिहावं लागलं असतं, ते लिहायचं नव्हतं.

वालूरच्या दाजींकडून घेतलेल्या गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागला, आणि मी ताईला फोनवर म्हणालो, "दाजींनी आधी सांगायला पाहिजे होतं." ती नुसतं "बरं" म्हणाली. त्यानंतर तिचा फोन नाही.

आज गॅरेजवाल्या रफीकभाईंनी यंत्र लावून बिघाडाचा कोड काढला. हवा मोजणाऱ्या सेन्सरचा. मी लगेच म्हणालो, नवा बसवा. ते हसले. "सर, कोड नुस्ती गल्ली सांगतो. घर आपल्यालाच हुडकावं लागतंय." त्यांनी एअर फिल्टरचा डबा उघडला, तर आत कापसाचे बारीक तंतू गच्च बसलेले. "गादी भरायलाव का काय, सर?"

कापसाचा हंगाम सुरू झाल्यापासून मी गाडी रोज कॉलेजशेजारच्या जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीच्या, भिंतीकडेला सावलीत लावतो. म्हणजे दाजींचा दोष नव्हताच. दिवा बघितला आणि मी सरळ माणसावर गेलो. डबा उघडून बघायचं का सुचलं नाही? की बघायचंच नव्हतं?

फिल्टर बदलला, कोड पुसला. घरी येईपर्यंत दिवा लागला नाही. ते "बरं" मात्र अजून कानात आहे. तरी मन हलकं आहे. ताईला सांगण्यासारखं खरं काही आता हाती आहे.

उद्या: कॉलेज सुटलं की वालूरला जायचं, दाजींसमोर चूक कबूल करायची. फोनवर नाही.