आकडे तुझ्या फोनवर येतात

धाकटीच्या आईस सप्रेम नमस्कार.

देवाच्या कृपेने मी बरा आहे. गुडघ्याची सूज उतरते आहे. जिना तेवढा टाळतो. तुझी पाठ कशी आहे? आईला आता नीट दिसतं का?

विद्यापीठाच्या ग्रंथालयातले लेख खोलीवर बसूनही वाचता येतात. पासवर्ड टाकला की फोनवर आकडे येतात, ते भरले की झालं. पण प्रवेश घेताना मी सवयीने घरचाच नंबर दिला. त्यामुळे पासवर्ड मी टाकतो आणि आकडे येतात तुझ्याकडे! नंबर बदलायचा तर स्वतः तिसऱ्या मजल्यावर या, म्हणतात. नुसता वैताग. महिनाअखेर प्रबंधाचं प्रकरण दिलं नाही, तर अभ्यासरजा वाढणार नाही.

माझा फोन बंद पडलाय, म्हणून परवा घरमालकांच्या फोनवरून तुला आकडे विचारले. ते लगेच बाद होतात, म्हणून घाईत आवाज चढला. तर तू म्हणालीस, "आमचे हे असं ओरडत नाहीत. लाज नाही वाटत लोकांना फसवायला?" आणि फोन ठेवलास. आकडे कोणालाही सांगू नकोस, हे मीच तुला बजावलं होतं. आता चिडू कोणावर?

हे अक्षर तरी ओळखशील. रविवारी सकाळी त्याच नंबरवरून फोन करीन. आधी विचार, "प्रार्थनेला बसल्यावर तुम्हाला काय होतं?" डुलकी लागते, हे देवाला आणि तुलाच ठाऊक आहे. उत्तर बरोबर आलं की आकडे सांग. ओरडणार नाही.

तुझा,
खराखुरा मी