दोन सह्यांचं घर

१२ जानेवारी
ह्यांनी आज दुकानाची चावी नव्या मालकाला दिली. नांदुऱ्याच्या स्टेशन रोडवर छत्तीस वर्षं मोटरपंप अन् पाइप विकले. घरी आले, पाय धुतले, चहा घ्यायच्या आधीच म्हणाले, "आपुन मॉरिशसले घर घेऊ."
मला वाटलं थट्टा. तर पिशवीतून छापील पुस्तिका काढली. समुद्र, पांढरी बाल्कनी. पुस्तिका नवी नाही, पानं हाताळून मऊ झालेली. म्हणजे किती दिवसांपासून हे...
विचारलं नाही.

१५ जाने.
आज विचारलं. नऊ वर्षांपूर्वी पंपाच्या कंपनीनं डीलर लोकांना मॉरिशसला नेलं होतं. बायकांना नाही. मी तेव्हा नर्स, दवाखान्यात ड्यूटीवरच होते. तिथं किनाऱ्यावर एका म्हाताऱ्यानं ह्यांना मराठीत म्हटलं म्हणे, "बसा, उन्हात काऊन उभे?"
'काऊन' हा आपला वऱ्हाडी शब्द ह्यांनी घातलेला. 'बसा' तेवढं खरं असेल.
"मले कोणी असं बसाले सांगितलं नोतं," म्हणाले. दुकानात दिवसभर खुर्चीवरच तर असायचे. पण चेहरा पाहून मी पण शेजारी बसले.

२० जाने.
रूपालीचा दुबईहून फोन. सहावा महिना चालू. बापावर चिडली. "बाबा, मॉरिशसमध्ये कोण आहे आपलं? घर घ्यायचंच तर इथं घ्या. माझ्या बिल्डिंगपासून पाच मिनिटं. भाड्यानं दिलं तरी चांगलं. आणि बाळाजवळ आई असेल."
आई असेल. येशील का असं नाही.
पण लेक एकटी आहे. जावई सकाळी सातला बाहेर. माझं मन दुबईकडं कललं. जेवताना ह्यांच्याकडं पाहिलं, परत मॉरिशसकडं. मध्येच कुठंतरी लोंबकळतेय.

२ फेब्रु.
रशीदभाई आले. कापसाचे व्यापारी, ह्यांचे जुने मित्र. त्यांच्या मोठ्या भावानं शारजात फ्लॅट घेतलाय. मी खोदून विचारलं.
"घर एक नंबर आहे, भाभी. पण भाईजान दिवसभर लिफ्टच्या आवाजाकडं कान लावून बसते. कोणी आपल्याकडं येऊन राह्यलं का म्हणून." मग सहज, "तुमाले कुठं राहावंसं वाटते?"
मी हसले अन् चहा ठेवायला उठले. दूध उतू गेलं.
हा प्रश्न मला आजवर कोणी घातला नव्हता. सोनाळ्याला वडिलांचं घर म्हणून राहिले. नोकरी लागली तेव्हा हिवरा आश्रमाजवळच्या उपकेंद्रात खोली मिळाली, तिथं राहिले. लग्न झालं, नांदुरा. बासष्ट वर्षांची झाले अन् उत्तर येत नाही. लाज वाटली. कशाची, ते पण कळत नाही.

१९ फेब्रु.
बँकेत. एका माणसाला वर्षाला ठरावीकच रक्कम बाहेरदेशी पाठवता येते. ह्यांनी पाहिलेलं घर त्यात बसत नाही. म्हणून दोघांची नावं, दोघांच्या सह्या.
ह्यांनी लगेच केली. पेन माझ्याकडं. मी म्हटलं, "आधी घर डोळ्यानं पाहू."
ह्यांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "पाहू. बरोबर आहे."

१४ मार्च, मॉरिशस
समुद्र खरंच निळा. उसाची शेतं. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, स्वच्छ. दाखवणारी मुलगी हिंदीत सांगत होती, सुपरमार्केट इकडं, दवाखाना तिकडं. मी दवाखान्याचं अंतर तीनदा विचारलं. सवय.
खाली बगिच्याला पाणी घालणारी एक बाई. सत्तरची असेल. आमचं बोलणं ऐकून जवळ आली. मराठी तुटक, मध्येच तिथली भाषा, पण कळत होतं. पणजोबा कोकणातले. माझा हात धरला अन् विचारलं, "गाव कुठला?"
मी म्हटलं, "सोनाळा."
हे मागं उभे होते. ऐकलं त्यांनी. गाडीत बसलो. मग, "अडतीस वर्षं नांदुऱ्यात काढली तू."
"हो ना. मले बी नाही समजलं कसं निघालं तोंडातून."
मुद्दाम म्हटलं असतं तर बरं झालं असतं. निदान ह्यांना रागावता आलं असतं.

१७ मार्च, मॉरिशस
उद्या परत. आज हे किनाऱ्यावर दोन तास बसले. मी बाजूला. कोणी मराठीत बोललं नाही. तरी खुश होते. ह्यांना असं शांत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. इथं ह्यांना नाही कसं म्हणायचं? अन् हो म्हटलं तर रोज मी इथं काय करू?

२ एप्रिल
रूपालीला स्पष्ट सांगितलं. बाळंतपणाला येते, तीन महिने राहते. घर दुबईत नको. रडली. "म्हणजे बाबांचंच ऐकलंस." तसं नाही म्हटलं.  फोन ठेवल्यावर वाटलं, चूक केली. झोपाळ्यावर बसून राहिले.

९ एप्रिल
मॉरिशसला फ्लॅट दाखवणाऱ्या मुलीचा फोन. शुक्रवारपर्यंतच थांबते म्हणाली. बँकेचा फॉर्म टेबलावर. ह्यांची सही आहे, माझी जागा कोरी. हे जेवताना तो बाजूला सरकवतात, मग परत जागेवर ठेवतात. त्यानं जास्तच जड जातं.

११ एप्रिल, शुक्रवार
सकाळी दुबईची बॅग भरत होते. हे दारात येऊन उभे राहिले.
"तिथंच एक लहान घर आहे. एका खोलीचं. एकाच सहीत बसते."
मी साडीची घडी घालत राहिले.
"मी एकट्यानंच घेतलं तर चालन का तुले? वर्षातून काही महिने जाईन."
भांडायला पाहिजे होतं. त्याऐवजी छातीवरचं काहीतरी उतरलं, अन् त्याच क्षणी भीती वाटली. म्हटलं, "घ्या."
"अन् तू?"
"राहीन."
"कुठं?"
"पाहीन."
ते तसेच उभे. मग आत आले, पलंगावर बसले अन् माझी दुसरी साडी उचलून घडी घालायला लागले. वाकडी घातली. मी ती तशीच बॅगेत ठेवली.